पाळलेल्या पक्ष्याचा जबीहा : स्वतःच्या हाताने की दुसऱ्याच्या?



ज्या पक्ष्याला आपण महिनोन्‌महिने आपल्या हाताने दाणापाणी दिले, त्याच्या मानेवर सुरी फिरविण्याची वेळ येते तेव्हा मनात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न व्यवहाराचा आहे : हे काम मी स्वतः करावे की मजुरी देऊन जाणत्या माणसाकडून करवून घ्यावे? दुसरा प्रश्न त्याहून खोल आहे : मजुरी दिली म्हणजे माझी जबाबदारी संपते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराचे वेगळे असू शकते. दुसऱ्याचे उत्तर मात्र सर्वांसाठी एकच आहे आणि त्याच्या प्रकाशातच पहिल्याचा निर्णय करावयाचा आहे.

मावळात परसातल्या खुराड्याची रीत जुनी आहे. कामशेत, कार्ला, वडगाव या पट्ट्यात भाताच्या खाचरांच्या कडेला वसलेल्या घरांत चार गावठी कोंबड्या असतातच. त्यांच्या जोडीला कोणी हौसेने, कोणी जोडधंदा म्हणून टर्कीची पिल्लेही आणतो. कोंबडी कापणे घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. टर्कीची गोष्ट निराळी. वीस आठवड्यांचा नर ७ ते ८ किलो वजनाचा होतो, त्याच्या पंखांत मोठी ताकद असते आणि तो एका हातात मावत नाही. म्हणून हा प्रश्न टर्कीच्या निमित्ताने अधिक तीव्रतेने समोर येतो.

टर्की हलाल आहे काय?

टर्की हा मूळचा अमेरिका खंडातील पक्षी. प्रारंभीच्या इस्लामी धर्मशास्त्रकारांनी तो पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्यांच्या ग्रंथांत त्याचे नाव आढळत नाही. भारतातील त्याच्या आगमनाची एक नोंद आपल्या शेजारच्या गोव्याशी जोडलेली आहे. १६१२ साली मुकर्रब खान याने गोव्याहून जे दुर्मीळ प्राणी-पक्षी बादशहा जहांगीरच्या दरबारी नेले त्यांत टर्कीही होता. बादशहाने आपल्या आत्मवृत्तात त्याचे वर्णन लिहिले आणि चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

नाव नसले तरी नियम आहे. नखांनी शिकार करणारे पक्षी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी निषिद्ध ठरविले, असे सहीह मुस्लिममधील हदीसवरून स्पष्ट होते. टर्की दाणे, गवत व किडे टिपतो. तो शिकारी पक्षी नाही. म्हणून कोंबडीप्रमाणेच तो हलाल आहे. मात्र एक गोष्ट लक्षात असू द्यावी. कुर्बानी केवळ उंट, गाय-बैल, मेंढी-बकरी या वर्गातील जनावरांचीच होते. टर्की कितीही मोठा असला तरी ईदच्या कुर्बानीची जागा तो घेऊ शकत नाही.

प्रेषितांच्या (स.) आचरणातील दोन्ही मार्ग

निरोपाच्या हजच्या प्रसंगी, हिजरी सन १० मध्ये, प्रेषितांनी (स.) १०० उंटांची कुर्बानी दिली. सहीह मुस्लिममधील हजरत जाबिर (रजि.) यांच्या प्रदीर्घ निवेदनानुसार त्यांपैकी ६३ उंट त्यांनी स्वतःच्या हाताने जबह केले आणि उरलेले हजरत अली (रजि.) यांच्याकडे सोपविले. या एकाच घटनेत आपल्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे आहेत. स्वतःच्या हाताने जबह करणे ही सुन्नत आहे, आणि योग्य माणसाकडे काम सोपविणे हेही त्यांच्याच आचरणाने सिद्ध आहे. म्हणून जो स्वतः करतो त्याने दुसऱ्याला भित्रा समजू नये आणि जो करवून घेतो त्याने स्वतःला उणा मानू नये.

हे केवळ पुरुषांचेच काम आहे, हा समजही खरा नाही. हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांच्या शेळ्या मदीनेजवळच्या सलअ डोंगरापाशी एक दासी चारीत असे. एक शेळी मरणाच्या दारी दिसताच तिने धारदार दगडाने ती जबह केली. प्रेषितांना (स.) विचारले असता त्यांनी ते मांस खाण्यास अनुमती दिली. ही घटना सहीह बुखारीत आहे. घरातील पुरुष तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर गेलेले असतात आणि पक्ष्यांची सारी देखभाल स्त्रियाच करतात, अशा घरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

सुरी कोणाचीही असो, अटी त्याच

पवित्र कुरआनने सूरह अल्‌-अनआमच्या आयत ११८ व १२१ मध्ये अल्लाहचे नाव घेतलेल्या मांसाची अनुमती आणि नाव न घेतलेल्याची मनाई सांगितली आहे. सूरह अल्‌-माइदाच्या तिसऱ्या आयतीत मेलेला प्राणी, वाहिलेले रक्त, अल्लाहखेरीज अन्य कोणाच्या नावे कापलेला, गुदमरून, आघाताने वा पडून मेलेला प्राणी निषिद्ध ठरविला आहे. यांतून पुढील अटी निघतात.

जबह करणारा मुस्लिम, समजदार व शुद्धीवर असलेला असावा. सुरी फिरविताना त्याने स्वतः ‘बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर’ म्हणावे. हनफी मतानुसार जाणूनबुजून नाव टाळल्यास पक्षी हलाल राहत नाही. विसर पडल्यास क्षमा आहे. आपल्या कोकणी बांधवांत प्रचलित असलेल्या शाफई मतानुसार नाव घेणे सुन्नत आहे; पण सुन्नत आहे म्हणून ते सोडून द्यावे असे कोणताही शाफई आलिम सांगत नाही. श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या अशा चार नळ्या कापल्या जाव्यात. हनफींच्या मते त्यांपैकी किमान तीन आणि शाफईंच्या मते श्वासनलिका व अन्ननलिका पूर्ण कापणे आवश्यक आहे. चारही कापल्या की कोणाच्याच मते शंका उरत नाही. आणि सुरी फिरेपर्यंत पक्षी जिवंत असला पाहिजे.

याशिवाय एक अट अशी आहे की जी आपण बहुधा मोजतच नाही. हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या निवेदनानुसार प्रेषितांनी (स.) सांगितले की अल्लाहने प्रत्येक कामात एहसान, म्हणजे उत्तम रीतीने काम करणे, बंधनकारक केले आहे, म्हणून जबह करताना तेही उत्तम रीतीने करावे, सुरीला धार लावावी आणि प्राण्याला त्रास होऊ देऊ नये. जनावराला खाली पाडून त्याच्या डोळ्यांसमोर सुरीला धार लावणाऱ्या माणसाला, तू याला दोनदा मारू इच्छितोस काय, अशा आशयाचे शब्द त्यांनी ऐकविले होते. धार न लावलेली सुरी हा केवळ निष्काळजीपणा नाही. ती आज्ञेची अवहेलना आहे.

स्वतः करावयाचे असेल तर

निर्णय घेण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारा. मी हे काम जाणत्या माणसाजवळ उभा राहून कधी पाहिले आहे काय? माझ्याजवळ लांब पात्याची, खरोखर धारदार सुरी आहे काय? पक्षी धरण्यासाठी दुसरा सशक्त माणूस आहे काय? आणि ऐन वेळी माझा हात थरथरणार तर नाही ना? यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल तर पहिला प्रयोग टर्कीवर करू नका. आधी जाणत्याच्या देखरेखीखाली कोंबडी जबह करण्यास शिका. अर्धवट कापलेल्या मानेने तडफडणारा पक्षी ही आपल्या धाडसाची किंमत आहे आणि ती किंमत आपण नव्हे, त्या मुक्या जिवाने मोजलेली असते.

तयारी आदल्या रात्रीपासून सुरू होते. पक्ष्याचे दाणे ८ ते १२ तास आधी बंद करावेत म्हणजे आतडी रिकामी होतात व साफसफाई करताना मांस खराब होत नाही. पाणी मात्र शेवटपर्यंत द्यावे. तहानलेल्या जिवाला जबह करणे एहसानच्या विरुद्ध आहे. पक्षी उकिरड्यावर घाण खात हिंडत असेल तर त्याला काही दिवस बांधून स्वच्छ खाद्य द्यावे. घाण खाणाऱ्या जनावराच्या मांसाची मनाई हदीसमध्ये आली आहे आणि हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) अशा कोंबडीला तीन दिवस कोंडून ठेवीत, असे निवेदन आहे.

सकाळच्या थंड वेळी, इतर पक्ष्यांच्या नजरेआड, एकाने दोन्ही पंख अंगाशी दाबून व पाय धरून पक्षी शांतपणे डाव्या कुशीवर निजवावा. पाय धरून फरफटत आणू नये, बकरीला असे फरफटत नेणाऱ्याला हजरत उमर (रजि.) यांनी खडसावले होते. तोंड किब्ल्याकडे असावे. आपल्या मावळातून ते पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून येते. दुसऱ्याने अल्लाहचे नाव घेऊन कंठाच्या घाटीखाली एकाच वेगाने सुरी फिरवावी. मुंडके पूर्ण वेगळे करू नये. तसे करणे मकरूह आहे. रक्त पूर्ण वाहू द्यावे आणि हालचाल पूर्णपणे थांबेपर्यंत त्याला हात लावू नये.

पिसे काढण्यासाठी पक्षी गरम पाण्यात बुडवितात. तेथे दोन चुका होतात. पहिली, जीव पूर्ण जाण्याआधीच बुडविणे. हा उघड जुलूम आहे. दुसरी, आतडी न काढता खळखळत्या पाण्यात बराच वेळ ठेवणे. हनफी ग्रंथांनी बजावले आहे की त्यामुळे पोटातील घाण मांसात मुरली तर मांस नापाक होते. सुमारे ६० अंश सेल्सिअसचे पाणी आणि मिनिटभराचा अवधी पिसे सैल होण्यास पुरेसा असतो. त्यानंतर अन्नाची पिशवी व आतडी न फोडता काढावीत, काळीज-पेटा वेगळा धुवावा आणि मांस लगेच थंड करावे.

आजारी पक्ष्याच्या बाबतीत दोन्ही मार्ग बंद आहेत. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. सुस्त, फुगलेला वा एकाएकी मरू लागलेला पक्षी मरण्यापूर्वी कापून मोकळे होऊ नका आणि दुकानातही देऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवा. दुसऱ्याच्या ताटात रोग वाढणे हीही अमानतीत खयानत आहे.

दुसऱ्याकडून करवायचे असेल तर

मजुरी देऊन जबह करवून घेण्याची पद्धत महाराष्ट्राला नवीन नाही. आपल्या गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार होता. गावासाठी बकरे-कोंबडे हलाल करणे हे त्याचे काम आणि सुगीच्या वेळी मिळणारे धान्य हा त्याचा मोबदला. गावातील हिंदू घरेही त्यालाच बोलावीत. ते बलुते केवळ सुरी फिरविण्याचे नव्हते. त्याचे ज्ञान, त्याचा सराव आणि त्याच्यावरील विश्वास यांचे होते. आज त्याची जागा बाजारपेठेतील चिकनच्या दुकानाने घेतली आहे. दुकानाच्या पाटीवर ‘हलाल’ लिहिलेले असते. पण मुलाण्याला जसे सारे गाव ओळखत असे तसे सुरी धरणाऱ्या माणसाला आपण ओळखतो काय?

अनावश्यक संशय घेणे हाही दोषच आहे. नव्याने इस्लाम स्वीकारलेले काही लोक मांस आणून देत. त्यांनी अल्लाहचे नाव घेतले की नाही हे ठाऊक नसे. हजरत आयशा (रजि.) यांच्या निवेदनानुसार याविषयी विचारले असता प्रेषितांनी (स.) खाणाऱ्यांनाच अल्लाहचे नाव घेऊन खाण्यास सांगितले. मुस्लिमाविषयी सद्‌भाव बाळगणे हा मूळ नियम आहे. परंतु जे डोळ्यांसमोर घडते त्याकडे पाठ फिरविणे याला सद्‌भाव म्हणत नाहीत. गिऱ्हाइकांच्या गर्दीत मोबाईलवर बोलत सुरी फिरविली जात असेल, दहा पक्ष्यांसाठी एकदाच बिस्मिल्लाह म्हटले जात असेल, मान कापताच पक्षी इतर तडफडणाऱ्या पक्ष्यांवर ड्रममध्ये फेकला जात असेल, तर गोडीने सांगा. एकामागून एक कापल्या जाणाऱ्या प्रत्येक पक्ष्यावर स्वतंत्र नाव घ्यावे लागते. सांगूनही ऐकले नाही तर दुसरे दुकान शोधा.

टर्की नेण्यापूर्वी आणखी काही गोष्टी ठरवून घ्या. कोंबडीच्या मापाच्या पिसे काढण्याच्या मशीनमध्ये एवढा पक्षी नीट बसत नाही. दुकानदार हाताने पिसे काढणार आहे काय? माझाच पक्षी मला परत मिळेल काय? मान, पाय, काळीज-पेटा कोणाचा? मजुरी किती? हे आधी न ठरविल्याने नंतर मने दुखावतात. हजरत अली (रजि.) सांगतात की कुर्बानीच्या उंटांचे मांस, कातडी, झुली सारे वाटून टाकण्याची आज्ञा प्रेषितांनी (स.) त्यांना दिली आणि त्यातून कसायाला मजुरी म्हणून काहीही न देण्यास सांगितले, मजुरी स्वतःजवळून द्यावयाची होती. हा नियम कुर्बानीचा आहे, घरच्या टर्कीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही त्यातील शिकवण स्पष्ट आहे : कष्टाचे दाम रोख व वेगळे द्यावेत. मजुराकडून पूर्ण काम करवून त्याचे दाम न देणाऱ्याच्या विरोधात कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील, असा इशारा बुखारीतील हदीसमध्ये आहे.

मोठ्या प्रक्रिया-कारखान्यात पक्षी द्यावयाचा असेल तर विजेच्या धक्क्याविषयी अवश्य विचारा. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ च्या ठरावात कोंबड्यांना विजेचा धक्का देण्यास अनुमती नाकारली. कारण त्यांतील बऱ्याच पक्ष्यांचा जीव सुरी फिरण्याआधीच जातो, असे अनुभवास आले होते. आधीच मेलेल्या पक्ष्यावर सुरी फिरविल्याने तो हलाल होत नाही.

नदी, शेजारी आणि कायदा

घरी जबह करणाऱ्यावर आणखी एक जबाबदारी येते. रक्त, पिसे व आतडी ओढ्यात फेकू नका. कामशेतचे ओढे इंद्रायणीला मिळतात आणि हीच इंद्रायणी पुढे देहू-आळंदीला जाते, जेथे लाखो वारकरी श्रद्धेने स्नान करतात. विहिरीपासून दूर खोल खड्डा खणून, चुना टाकून सर्व अवशेष पुरावेत. पावसाळ्यात मावळात जे अंगणात सांडते ते तासाभरात शेजाऱ्याच्या दारात पोहोचते. त्या दिवसांत जाणत्या दुकानदाराकडे पक्षी नेणे अधिक शहाणपणाचे. २०२३ साली आषाढी एकादशी आणि ईदुल अज्‌हा २९ जून या एकाच दिवशी आली तेव्हा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुस्लिमांनी कुर्बानी पुढे ढकलली. शरीअतने दिलेल्या सवलतीत राहून शेजाऱ्याचे मन जपणे हा कमीपणा नसून तो इस्लामी शिष्टाचार आहे.

पक्षी विकण्यासाठी कापत असाल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो. दिवसाला ५० पक्ष्यांपर्यंत कापणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते. त्यापुढे परवाना लागतो. कामशेतला ग्रामपंचायत आहे, लोणावळा व तळेगाव दाभाडे येथे नगरपरिषद. स्थानिक नियम आधी विचारून घ्यावेत.

मन हेलावते तेव्हा

शेवटी त्या प्रश्नाकडे वळू या, जो खुराड्याजवळ उभ्या असलेल्या लेकराच्या डोळ्यांत दिसतो. त्याने पक्ष्याला नाव ठेवलेले असते. ते रडते आणि आपण त्याला दटावतो. असे करू नका. बकरी जबह करताना मला तिची दया येते, असे एकाने प्रेषितांना (स.) सांगितले. त्यांनी त्याला दुबळा म्हटले नाही. तू तिच्यावर दया केलीस तर अल्लाह तुझ्यावर दया करील, असे आश्वासन दिले. दया आणि जबह हे परस्परविरोधी नाहीत. दया असलेल्या हातानेच सुरी धरावी, अशी ही शिकवण आहे. मुलाला बळजबरीने पाहावयास लावू नका; पण ताटातील मांस एका जिवाचे आहे आणि तो जीव त्याच्या निर्माणकर्त्याच्या अनुमतीने व त्याच्याच नावाने घेतला आहे, हे त्याला समजावून सांगा. असे मूल पुढे अन्न टाकून देणार नाही.

आता आरंभीचा दुसरा प्रश्न. मजुरी देऊन सुरी दुसऱ्याच्या हातात देता येते, जबाबदारी देता येत नाही. तो पक्षी आपल्याकडे अमानत होता. त्याला भुकेला ठेवले नाही ना, बोथट सुरीखाली दिले नाही ना, त्याच्यावर अल्लाहचे नाव घेतले गेले ना, कष्ट करणाऱ्याला दाम मिळाले ना, या प्रश्नांची उत्तरे आपल्यालाच द्यावयाची आहेत. म्हणून निर्णयाचा निकष सोपा आहे : ज्या हाताने पक्ष्याला कमीत कमी यातना होतील आणि शरीअतची प्रत्येक अट पाळली जाईल, तो हात निवडा. तो आपला असेल तर बिस्मिल्लाह. नसेल तर जाणत्याकडे जा. पण पक्षी देऊन निघून येऊ नका, शेवटच्या क्षणापर्यंत जवळ उभे राहा. कुर्बानीच्या संदर्भात सूरह अल्‌-हजच्या आयत ३७ मध्ये सांगितले आहे की अल्लाहपर्यंत मांस आणि रक्त पोहोचत नाही, तुमचा तकवा पोहोचतो. परसातल्या एका पक्ष्याच्या बाबतीतही तोच तकवा आपली कसोटी आहे.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल व पवित्र उपजीविका देवो, मुक्या जिवांविषयी दयाळू हृदय देवो आणि प्रत्येक काम उत्तम रीतीने करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.